मिशिगनचं पत्र : तिकीट वाटतात मतदार

मिशिगन, ऑगस्ट २०२४

गेल्या मंगळवारी, ६ ऑगस्टला, इथे प्रायमरी झाली आणि बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार डेट्रॉइटमधून पुन्हा काँग्रेसचे, म्हणजे आपल्या भाषेत खासदारकीचे, डेमोक्रॅटिक उमेदवार ठरले. बातमी तिकडे पोचलीच असेल आणि 'मराठी माणसाचा झेंडा' वगैरे मथळेही छापून झाले असतील. त्या मथळ्यांखाली काय घडलं ते सांगतो. आधीच कबूल करतो, मी डेमोक्रॅटिक पक्षाचा माणूस आहे. निष्पक्षपणाचा आव आणणार नाही.

प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण, यासाठी घेतलेलं सरकारी मतदान. मिशिगनमध्ये मतदार म्हणून नाव नोंदवताना पक्ष सांगावा लागत नाही. मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने असतात. त्यांपैकी एकाच रकान्यात खुणा करायच्या, दोन्हीकडे हात मारला तर पक्षीय मतं बाद. कोणता रकाना निवडला ते गुप्त. मुंबईहून निरोप नाही, दिल्लीहून यादी नाही, पक्षाच्या एबी फॉर्मसाठी रात्रभर धावपळ नाही. एप्रिलमध्ये लोकसभेच्या तिकिटासाठी रत्नागिरी-सिंधुदुर्गात राणे की सामंत हा घोळ अर्जाची मुदत संपायच्या आदल्या दिवसापर्यंत चालला आणि मतदार नुसते बघत बसले. इथे तो घोळ मतदारच निस्तरतात.

आता ठाणेदारांकडे वळू. १९७९ साली शिकायला आलेले हे रसायनशास्त्रज्ञ पुढे उद्योजक झाले. त्यांचं मराठी आत्मचरित्र तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. २०१८ मध्ये ते गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत उतरले आणि स्वतःच्या खिशातले कोटीभर डॉलर ओतले. टीव्ही लावला की ठाणेदारच. ग्रेचेन व्हिटमर ५२ टक्के मतं घेऊन जिंकल्या, अब्दुल एल-सईद यांना ३० टक्के मिळाली, ठाणेदार १७-१८ टक्क्यांवर तिसरे आले. माझं मत व्हिटमरबाईंना होतं. मराठी ओळखीपाळखीत त्यावरून टोमणे ऐकले, पण राज्य चालवायला अनुभव लागतो हे माझं मत तेव्हाही होतं, आजही आहे. त्या निकालाने मी सुखावलो : पैशाने नाव घरोघर पोचतं, पण तिकीट विकत मिळत नाही, असं वाटलं.

२०२२ च्या प्रायमरीने तो समज डळमळला. डेट्रॉइटच्या तेराव्या मतदारसंघात डेमोक्रॅटिक रकान्यात नऊ नावं होती. मतं फुटली आणि ठाणेदार सुमारे २८ टक्क्यांवर जिंकले. दुसरी फेरी नाही, पुढे असेल तो जिंकला. मतदारसंघ आमच्या पक्षाचा बालेकिल्ला, त्यामुळे नोव्हेंबरची निवडणूक उपचारापुरतीच होती. ज्या शहरात चारांपैकी तीन माणसं कृष्णवर्णीय, त्याला जवळजवळ सत्तर वर्षांत पहिल्यांदाच कृष्णवर्णीय खासदार उरला नाही. मराठी म्हणून मला आनंद झाला. पण डेमोक्रॅट म्हणून प्रश्न पडला, की सत्तरेक टक्के लोकांनी दुसरं कुणी मागितलं असताना हा कौल कुणाचा?

यंदा ठाणेदारांना निम्म्याहून अधिक मतं मिळाली, म्हणून कौल स्वच्छ दिसतो. पण गेल्या वेळचे प्रमुख प्रतिस्पर्धी ॲडम हॉलियर मतपत्रिकेवर नव्हतेच. उमेदवारीसाठी मतदारांच्या १,००० वैध सह्या लागतात. ठाणेदारांनी हरकत घेतली, तपासणी झाली आणि हॉलियर यांच्या सह्या कमी भरल्या. नियमाने सगळं ठीक आहे. तरीही मला ही लढत सरळ झालेली पाहायला आवडली असती. छाननीत अर्ज बाद करवून आखाडा मोकळा करण्याची कला आपल्या जिल्हा परिषदांचीच मक्तेदारी नाही, एवढं कळलं.

पक्षनिष्ठ माणसाला लाज आणणारी गोष्ट मात्र वेगळीच. २०२२ मध्येच ग्रँड रॅपिड्सच्या बाजूला रिपब्लिकन खासदार पीटर मायर यांना प्रायमरीत जॉन गिब्ज यांनी हरवलं. कॅपिटॉलवरच्या हल्ल्यानंतर ट्रम्प यांच्यावरील महाभियोगाला पाठिंबा देण्याचं धैर्य मायर यांनी दाखवलं होतं, तर गिब्ज ट्रम्प यांचे उमेदवार. अशा वेळी गिब्ज यांचं नाव वर आणणाऱ्या जाहिरातींवर चार लाखांहून अधिक डॉलर कुणी खर्चले? आमच्याच पक्षाच्या प्रचारसमितीने! कडवा उमेदवार पुढे आला की नोव्हेंबरमध्ये पाडायला सोपा, हा हिशेब. तो बरोबर ठरला, आमच्या हिलरी शोल्टन निवडून आल्या. मी टाळ्या वाजवल्या, पण लोकशाहीवरच्या भाषणांचा माझा हक्क त्या दिवशी थोडा कमी झाला.

यंदाच्या सेनेटच्या प्रायमरीने मात्र समाधान दिलं. एलिसा स्लॉटकिन यांनी अभिनेते हिल हार्पर यांना मोठ्या फरकाने मागे टाकलं. नोव्हेंबरमध्ये त्यांच्यासमोर रिपब्लिकन माइक रॉजर्स आहेत. १९९४ नंतर मिशिगनमधून रिपब्लिकन सेनेटर निवडून आलेला नाही, आणि ही परंपरा टिकावी ही माझी उघड इच्छा आहे.

एवढे दोष काढूनही ही पद्धत मला आपल्या पद्धतीपेक्षा बरी वाटते. इथे तिकीट मागायला हजारो दारांत जावं लागतं, आपल्याकडे एकाच दारात. इथल्या हरलेल्याला श्रेष्ठींवर खापर फोडता येत नाही. पक्ष बदलण्यापेक्षा मतदारांची मनं बदलणं त्याला भाग पडतं. पैसा इथेही बोलतो, पण २०१८ मध्ये मतदारांनी त्याला गप्प बसवलंच होतं.

विधानसभेची निवडणूक तिकडे तोंडावर आली आहे. दापोलीपासून राजापूरपर्यंत उमेदवार दारात येतील तेव्हा पक्ष आणि चिन्ह विचारून थांबू नका. 'तुम्हाला तिकीट कुणी दिलं आणि कशासाठी?' हेही विचारा.