काउंटीच्या सर्वंकष भूमिउपयोग योजनेतील फेरबदल

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील काउंटीने आपल्या हद्दीतील जमिनीच्या भावी उपयोगासंबंधी स्वीकारलेल्या सर्वंकष योजनेत रीतसर केलेला बदल. काउंटी हा राज्याखालील प्रशासकीय विभाग असून तो स्थूलमानाने भारतातील जिल्ह्यासारखा असतो. मात्र त्याचा कारभार लोकनियुक्त आयुक्तांकडे किंवा मंडळाकडे असतो. शहरांच्या हद्दीबाहेरील जमिनीच्या उपयोगाचे नियमन हे त्याचे एक प्रमुख काम होय. योजनेत धोरणांचा मजकूर व भावी भूमिउपयोगाचा नकाशा असे दोन भाग असतात. फेरबदल दोहोंतही होतात. पण तंटे बहुधा नकाशावरून उद्‌भवतात, कारण शेतजमिनीवर निवासी विभागाचा रंग चढताच तिची किंमत वाढते.

झोनिंगचे नियम सर्वंकष योजनेला धरून असावेत, हे तत्त्व १९२६ च्या नमुना अधिनियमातच आले होते. तथापि अनेक राज्यांत योजना दीर्घकाळ केवळ सल्लावजा मानली गेली. ऑरेगन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये फसानो खटल्यात असे ठरविले, की एखाद्याच भूखंडाचे झोनिंग बदलणे हे कायदे करण्याचे नव्हे, तर निवाड्यासारखे काम आहे आणि असा बदल योजनेशी सुसंगत असल्याचे अर्जदाराने सिद्ध केले पाहिजे. योजनेला असे वजन आले, की जमीनमालकाचा प्रयत्न स्वाभाविकपणेच खुद्द योजना बदलून घेण्याकडे वळतो. त्यामुळे ती केव्हा व कोणत्या रीतीने बदलता यावी, यासंबंधी कायद्याने बंधने घालावी लागली.

या बाबतीत वॉशिंग्टन राज्याची पद्धती लक्षणीय आहे. तेथे वृद्धि-व्यवस्थापन अधिनियम १९९० मध्ये संमत झाला. त्याखाली पूर्ण नियोजन करणाऱ्या काउंटीस नागरी वाढीच्या क्षेत्राची सीमा आखावी लागते. तिच्याबाहेर नागरी स्वरूपाची वस्ती वाढू देता येत नाही. सीमेत वीस वर्षांतील अपेक्षित लोकसंख्या सामावेल इतकी जमीन असावी लागते. योजनेत वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा फेरबदल करता येत नाहीत आणि वर्षभरातील सर्व सूचनांचा विचार एकत्रच करावा लागतो. सुट्या सुट्या भूखंडांचे निर्णय निरुपद्रवी वाटतात. रस्ते, पाणी व मलनिःसारण यांवरील त्यांचा एकत्रित भार मात्र वेगळाच असतो, हे त्यामागील कारण. आणीबाणीसारखे काही अपवाद आहेत. फ्लॉरिडातही वर्षातून दोनदाच फेरबदलाची मर्यादा होती. ती २०११ मध्ये काढून टाकण्यात आली.

फेरबदलाची सूचना कोणाही नागरिकाला करता येते व ती काउंटीला नोंदवहीत घ्यावी लागते. त्यानंतर कर्मचाऱ्यांची छाननी, पर्यावरणीय परिणामांची तपासणी, नियोजन आयोगापुढील जाहीर सुनावणी आणि शेवटी लोकनियुक्त मंडळाचा ठराव, असा क्रम असतो. मंजुरीच्या किमान ६० दिवस आधी राज्याच्या वाणिज्य विभागाला मसुदा कळवावा लागतो. सुनावणीतील उपस्थिती ही केवळ औपचारिकता नव्हे. तेथे वा लेखी स्वरूपात जो मुद्दा मांडला, त्यासंबंधीच नागरिकाला पुढे दाद मागता येते.

ही दाद वृद्धि-व्यवस्थापन सुनावणी मंडळाकडे, ठराव प्रसिद्ध झाल्यापासून ६० दिवसांत मागावी लागते. प्रारंभी अशी तीन प्रादेशिक मंडळे होती. २०१० मध्ये त्यांचे एकच मंडळ झाले. फेरबदल वैध आहे असे गृहीत धरले जाते आणि तो अधिनियमाविरुद्ध असल्याचे दाखविण्याची जबाबदारी तक्रारदारावर असते. मंडळाने फेरबदल अवैध ठरविला, तरी तो आदेश पुढील काळापुरताच लागू होतो, हे या व्यवस्थेचे दुबळे अंग होय. वॉशिंग्टनमध्ये बांधकामाचा परिपूर्ण अर्ज ज्या दिवशी दाखल होतो, त्या दिवशीचे नियम त्या अर्जाला लागू राहतात. साहजिकच निकाल लागण्यापूर्वी अर्ज दाखल करणाऱ्याचा हक्क शाबूत राहतो.

स्नोहोमिश काउंटीतील पॉइंट वेल्स या जागेच्या बाबतीत हेच घडले. प्यूजेट साउंडच्या किनाऱ्यावरील सु. ६१ एकरांच्या या औद्योगिक जागेला काउंटीने २००९ मध्ये नागरी केंद्राचा दर्जा दिला. तेथे तीन हजारांहून अधिक घरे बांधण्यासाठी २०११ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्ज आले. एप्रिलमध्ये मंडळाने फेरबदलात दोष काढले. शेजारच्या वुडवे नगराने व नागरिकांच्या एका संघटनेने दाद मागितली. परंतु राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्जदाराचा हक्क कायम राखला. पुढे अन्य कारणांवरून २०१८ मध्ये काउंटीच्या सुनावणी अधिकाऱ्याने हे अर्ज नाकारले, ही गोष्ट वेगळी.

या फटीवर २०२२ च्या कायद्याने अंशतः उपाय केला. नागरी वाढीची सीमा रुंदावणारे किंवा शेती, वन वा खनिजासाठी राखलेल्या जमिनीचा दर्जा काढून घेणारे व तत्सम काही फेरबदल आता ठराव प्रसिद्ध झाल्यावर ६० दिवसांनी आणि तक्रार दाखल झाल्यास मंडळाच्या अंतिम आदेशानंतरच अंमलात येतात. सीमेच्या आतील जमिनीचा वापर बदलणारे, म्हणजे पॉइंट वेल्ससारखे, फेरबदल मात्र या तरतुदीबाहेर आहेत.