थरार नव्हे, चुरस हवी

खेळाचे आकर्षण त्याच्या निकालाच्या अनिश्चिततेत असते. विजेता कोण हे आधीच ठाऊक असेल, तर वेग आणि झगमगाट कितीही असो, प्रेक्षक फार काळ टिकत नाही. फॉर्म्युला वन मोटार शर्यतींना हा धडा वारंवार गिरवावा लागला आहे. या दुखण्याचे एक मूळ दूरचित्रवाणीच्या हक्कांतून येणाऱ्या पैशात आहे, हे मात्र उशिरा मान्य झाले.

१९७० च्या दशकात या शर्यतींच्या प्रक्षेपणाला ठरावीक शिस्त नव्हती. ब्रॅबहॅम संघाचे मालक बर्नी एक्लस्टन यांनी त्यातील संधी हेरली. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ आणि संघमालकांची संघटना यांच्यातील सत्तेचा झगडा १९८१ च्या ‘काँकॉर्ड करारा’ने मिटला. नियम करण्याचा अधिकार महासंघाकडे राहिला. प्रक्षेपणाचे व्यवहार एक्लस्टन यांच्या हाती आले. पुढे महासंघाने हे व्यापारी हक्क त्यांच्या कंपनीला तब्बल शंभर वर्षांसाठी दिले. २०१७ मध्ये अमेरिकेतील लिबर्टी मीडियाने हा व्यवसाय ताब्यात घेतला, तेव्हा त्याचे मूल्य सुमारे आठशे कोटी डॉलर धरले गेले होते.

पैसा आला, पण त्याची वाटणी विषम होती. बड्या संघांना क्रमांकानुसार मिळणाऱ्या रकमेखेरीज खास हप्ते मिळत. फेरारीला तर तिच्या ऐतिहासिक स्थानाबद्दल निराळी रक्कम मिळे. ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडे उत्तम अभियंते, आणि ज्याच्याकडे अभियंते त्याच्याकडे विजय, असे हे चक्र होते. २०१४ मध्ये कॅटरहॅम आणि मारुसिया हे दोन लहान संघ आर्थिकदृष्ट्या कोसळले. पुढच्याच वर्षी सॉबर आणि विजय मल्ल्या यांच्या मालकीतील फोर्स इंडिया यांनी या वाटणीविरुद्ध युरोपीय आयोगाकडे दाद मागितली.

शर्यती कंटाळवाण्या होत आहेत, अशी ओरड झाली की चालकांनी मूळ दुखण्याऐवजी वरवरचे उपाय योजावेत, असा परिपाठच पडला. पुढच्या गाडीमागे हवा घुसळली जात असल्याने मागच्या गाडीची रस्त्यावरील पकड सुटते, ही अडचण खरी होती. तिच्यावर तोड म्हणून २०११ मध्ये मागच्या गाडीला आपल्या मागील पंखाची फट उघडून वेग वाढविण्याची मुभा मिळाली. गाड्या एकमेकींना ओलांडू लागल्या. परंतु पुष्कळदा ती झुंज नसून कळ दाबण्याचा विधी ठरला. २०१४ मध्ये शेवटच्या शर्यतीला दुप्पट गुण देण्यात आले आणि वर्षभरातच तो नियम गुंडाळावा लागला. २०१६ मधील पात्रता फेरीची नवी पद्धत तर दोन शर्यतींनंतरच सोडून द्यावी लागली.

याहून गंभीर प्रसंग २०२१ मध्ये अबुधाबीत घडला. शर्यत सुरक्षा गाडीच्या मागे रेंगाळत संपू नये, अशी इच्छा सर्वांचीच होती. ती पुरवताना मागे पडलेल्या गाड्यांपैकी फक्त पाच गाड्यांना पुढे जाऊ देण्यात आले आणि शेवटच्या फेरीत मॅक्स वेर्स्टापेन याने लुईस हॅमिल्टनला मागे टाकून विश्वविजेतेपद मिळवले. पडद्यावर थरार अपूर्व होता. मात्र नियम मानवी चुकीने नीट पाळले गेले नाहीत, असे महासंघाच्याच चौकशीत निष्पन्न झाले. थरारासाठी नियम वाकवला, तर विजेत्याच्याही यशावर विनाकारण सावली पडते.

खरा उपाय निराळाच होता. २०२१ पासून संघांच्या खर्चावर साडेचौदा कोटी डॉलरची मर्यादा आली. मागे पडलेल्या संघाला वायुगतीच्या चाचण्यांसाठी अधिक वेळ देण्याचीही तरतूद झाली. २०२३ मध्ये रेड बुलने बावीसपैकी एकवीस शर्यती जिंकल्या, तेव्हा हा उपाय फसला असे अनेकांना वाटले. पण २०२४ मध्ये चोवीस शर्यतींत सात निरनिराळ्या चालकांनी प्रत्येकी किमान दोन विजय मिळवले आणि एके काळी तळाशी गेलेल्या मॅक्लारेनने १९९८ नंतर प्रथमच संघांचे विजेतेपद पटकावले. समतेचे पीक सावकाश येते, पण ते येते.

एक प्रश्न मात्र उरतोच. ब्रिटन ही या खेळाची जणू कर्मभूमी. परंतु २०१९ पासून तेथे, मायदेशातील शर्यतीचा अपवाद वगळता, थेट प्रक्षेपण केवळ वर्गणीदारांना दिसू लागले. चढ्या बोलीने हक्क विकताना आजचा पैसा मिळतो. पण घरातल्या पडद्यावर सहज शर्यत पाहून ज्याला या खेळाची गोडी लागली असती, तो उद्याचा प्रेक्षक दारातूनच परत जातो. हक्क विकणाऱ्यांनी प्रक्षेपण जरूर विकावे. नियम आणि चुरस या विक्रीच्या वस्तू नव्हेत. त्या शाबूत राहिल्या, तर थरार आपोआप येईल आणि तो पाहणाराही.