‘एन्कम्ब्रन्स’ म्हणजे नेमकं काय? जमिनीच्या कागदावर सही करण्याआधी वाचा

पौड : मुळशी तालुक्यात जमिनीचा व्यवहार म्हटला की बँकेच्या नाहीतर वकिलाच्या कागदात ‘एन्कम्ब्रन्स’ हा इंग्रजी शब्द हमखास येतो. शब्द अवघड वाटतो, पण अर्थ आपल्या रोजच्या बोलण्यातला आहे : जमिनीवरचा बोजा.

शब्द आला कुठून?
एन्कम्ब्रन्स म्हणजे मुळात अडथळा किंवा ओझं. हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला. त्याचं मूळ नदीच्या पात्रात घातलेला बांध किंवा अडसर या अर्थाच्या जुन्या शब्दात सापडतं. बांधापाशी पाणी अडतं, तसा बोजापाशी व्यवहार अडतो. धरणासाठी जमिनी जाऊ नयेत म्हणून १९२१ साली सेनापती बापटांसोबत सत्याग्रहाला उभ्या राहिलेल्या मुळशीला ही उपमा वेगळी समजवायला नको.

एन्कम्ब्रन्स कशाकशाला म्हणतात?
सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज, गहाण, कोर्टाची जप्ती, दुसऱ्याचा वाटेचा हक्क. कागदात ‘फ्री फ्रॉम ऑल एन्कम्ब्रन्सेस’ लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ आपल्या खरेदीखतातलाच : मिळकत ‘निर्वेध व निजोखमी’ आहे.

कुठे तपासायचं?
सातबाऱ्यावरचा ‘इतर अधिकार’ हा रकाना आधी वाचा. तिथे दिलेल्या क्रमांकाचे फेरफारही काढा. पण सगळंच सातबाऱ्यावर दिसेल असं नाही. म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयातल्या नोंदी, म्हणजे सूची क्रमांक दोन, वकिलाकडून तपासून घ्या. यालाच ‘सर्च रिपोर्ट’ म्हणतात.

कर्ज फिटलं, बोजा गेला का?
इथेच बरेच जण फसतात. कर्ज फेडलं म्हणून सातबाऱ्यावरची नोंद आपोआप गेली, असं धरून चालू नका. वडिलांनी कर्ज कधीच फेडलेलं असतं, पण नोंद तशीच राहते आणि मुलाचं नवं कर्ज नाहीतर खरेदीखत अडून बसतं. त्यासाठी बँकेकडून किंवा सोसायटीकडून बेबाकी दाखला घ्या, तो जोडून तलाठ्याकडे बोजा कमी करण्याचा अर्ज द्या. ‘ई-हक्क’ प्रणालीवर ऑनलाइन अर्जही करता येतो. फेरफार मंजूर झाल्यावर नवा सातबारा काढून खात्री करा.

तेव्हा मंडळी, इसार देण्याआधी एकच प्रश्न विचारा : ‘जमिनीवर बोजा आहे का?’ आणि उत्तर तोंडी नको, कागदावर घ्या.