न्यायालयीन नोंदींच्या जिवंत प्रती

रेप्लिका म्हणजे डेटाबेसची दुसऱ्या यंत्रावर ठेवलेली, मूळ साठ्यातील प्रत्येक बदलासोबत स्वतः बदलत राहणारी प्रत. एकमेकांशी जोडलेल्या अशा यंत्रांच्या संचाला क्लस्टर आणि त्यातील प्रत्येक यंत्राला नोड म्हणतात. रेप्लिका दोन कारणांसाठी ठेवतात. मुख्य यंत्र बंद पडले तर काम थांबू नये, हे एक; आणि माहिती वाचणाऱ्यांची गर्दी एकाच यंत्रावर पडू नये, हे दुसरे.

न्यायालयांच्या कामाला या दोन्हींची गरज असते. मध्य प्रदेशचेच उदाहरण घ्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूरच्या उच्च न्यायालयाचा वारसा नव्या मध्य प्रदेश उच्च न्यायालयाकडे गेला आणि त्याचे मुख्य पीठ जबलपूरला आले. इंदूर व ग्वाल्हेरची खंडपीठे २८ नोव्हेंबर १९६८ पासून कायम झाली. एकच न्यायालय तीन शहरांतून चालते आणि त्याच्या अखत्यारीतील जिल्हा न्यायालये राज्यभर पसरलेली आहेत. पक्षकाराला पुढची तारीख हवी असते, वकिलाला आदेशाची प्रत आणि वादसूची हवी असते. नोंद करणारे थोडे, पण ती वाचणारे असंख्य असतात.

जिल्हा व तालुका न्यायालयांसाठी देशभर वापरली जाणारी केस इन्फर्मेशन सिस्टीम, म्हणजे सीआयएस, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे कार्यालयात घडली. ती मुक्त स्रोत सॉफ्टवेअरवर उभी असून तिचा डेटाबेस पोस्टग्रेसक्यूएल आहे. प्रत्येक खटल्याला सोळा चिन्हांचा सीएनआर क्रमांक मिळतो. त्यात न्यायालयाची ओळख, अनुक्रमांक आणि वर्ष असते. त्यामुळे वेगवेगळ्या सर्व्हरवर दाखल झालेले खटले एकत्र आले, तरी दोन खटल्यांचा क्रमांक कधी सारखा येत नाही. न्यायालयांतील ही माहिती राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडमध्ये एकवटते. १९ सप्टेंबर २०१५ पासून ही ग्रिड सर्वांसाठी खुली आहे.

पोस्टग्रेसक्यूएलमध्ये प्रत तयार होते ती लॉगच्या आधारे. प्रत्येक बदल मूळ तक्त्यांच्या फायलींत उतरण्याआधी एका क्रमवार लॉगमध्ये लिहिला जातो. व्यापाऱ्याच्या पेढीवर रोजकीर्द आधी आणि खतावणी मागाहून, तशीच ही रीत. या लॉगच्या फायली साधारणपणे १६ मेगाबाइटच्या असतात. हाच लॉग त्याच क्रमाने दुसऱ्या यंत्रावर पुन्हा राबवला की तिथेही हुबेहूब तोच साठा तयार होतो. यात क्रमाला सर्वाधिक महत्त्व आहे. खटला दाखल होण्याआधी त्याचा निकाल नोंदला गेला, तर प्रत निरर्थक ठरेल. म्हणूनच लिहिण्याचा अधिकार एका वेळी एकाच नोडला असतो. त्याला प्राथमिक नोड म्हणतात. बाकीच्या रेप्लिकांवरून फक्त वाचता येते.

२०१० मध्ये आलेल्या ९.० आवृत्तीपासून लॉग प्रवाहासारखा सतत पाठवता येऊ लागला आणि रेप्लिकेवरून वाचणेही शक्य झाले. नवी रेप्लिका उभी करताना प्राथमिक नोड चालू असतानाच त्याच्या फायलींची पायाभूत प्रत घेतात. ती घेईपर्यंत झालेले बदल लॉगमधून भरून काढतात आणि मग रेप्लिका चालू प्रवाहाला जोडतात.

यानंतर येतो व्यवस्थापनातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय: नोंद पक्की झाली असे केव्हा म्हणायचे? असमकालिक पद्धतीत प्राथमिक नोड स्वतःच्या डिस्कवर लॉग लिहिताच होकार देतो आणि रेप्लिकेपर्यंत तो मागाहून पोहोचतो. यात वेग मिळतो. पण त्या दरम्यान प्राथमिक नोड कायमचा गेला, तर शेवटच्या काही नोंदी हरवतात. समकालिक पद्धतीत रेप्लिकेकडून पोच आल्याशिवाय होकार मिळत नाही.

समजा, प्राथमिक नोड जबलपूरला आणि एकेक रेप्लिका इंदूर व ग्वाल्हेरला आहे. इंदूर सरळ रेषेतही ४०० किलोमीटरांहून दूर आहे. प्रकाशतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे केवळ जाऊन येण्यास किमान चार मिलिसेकंद लागतात, आणि प्रत्यक्ष तारेचा मार्ग याहून लांब असतो. एका आदेशाला हा विलंब जाणवतही नाही. हजारो नोंदी एकापाठोपाठ भरताना मात्र जाणवतो. आणखी एक धोका असा, की एकाच समकालिक रेप्लिकेवर भिस्त ठेवली आणि तिची लाइन तुटली, तर प्राथमिक नोड धडधाकट असूनही लेखन अडून राहते. म्हणून दोन्हींपैकी कोणत्याही एकीची पोच पुरेशी, असा नियम ठेवतात. ही सोय २०१७ च्या दहाव्या आवृत्तीत आली.

रोजच्या देखरेखीत पाहायचा मुख्य आकडा म्हणजे लॅग, अर्थात रेप्लिका किती मागे आहे. लॉग पाठवला किती, पोहोचला किती आणि प्रत्यक्ष राबवला किती, हे तीन टप्पे वेगवेगळे मोजतात. रेप्लिका मागे पडली तर पक्षकाराला जुनीच तारीख दिसू शकते. म्हणून नुकतीच केलेली नोंद तपासायची असेल, तर ती प्राथमिक नोडवरूनच वाचावी. रेप्लिकेवर एखादा मोठा अहवाल चालू असताना येणारा लॉग त्याच्या आड येऊ शकतो. अशा वेळी मूळ मांडणीप्रमाणे पोस्टग्रेसक्यूएल ३० सेकंद थांबते आणि मग अहवालाची क्वेरी रद्द करते. रेप्लिका बंद असताना तिच्यासाठी लॉग राखून ठेवणारा स्लॉट उपयोगी असतो. पण ती दीर्घकाळ परतलीच नाही, तर साचलेल्या लॉगने प्राथमिक नोडचीच डिस्क भरते. तेराव्या आवृत्तीपासून या साठ्याला मर्यादा घालता येते आणि ती घालावीच.

प्राथमिक नोड कोसळला की एका रेप्लिकेला बढती देतात. याला फेलओव्हर म्हणतात. सर्वांत कमी मागे असलेली रेप्लिका निवडणे त्यामानाने सोपे. जुना नोड खरोखर थांबला आहे याची खात्री करणे अवघड. केवळ नेटवर्क तुटले असेल, तर दोन्ही नोड स्वतःला प्राथमिक समजून लिहीत राहतील आणि एकाच खटल्यात दोन परस्परविरोधी नोंदी होतील. हे टाळण्यासाठी निर्णय बहुमताने घेतात. त्यासाठी मत देणारे किमान तीन नोड लागतात, आणि बहुमतापासून तुटलेल्याने लेखन थांबवायचे असते. जुना नोड परतल्यावर त्याला थेट संचात घेता येत नाही. त्याचा वेगळ्या वाटेने गेलेला भाग मागे घेऊन त्याला रेप्लिका म्हणून जोडतात, किंवा तो नव्याने उभारतात.

रेप्लिका म्हणजे बॅकअप नव्हे. चुकीच्या आज्ञेने हजार नोंदी पुसल्या गेल्या, तर ती आज्ञा तितक्याच निष्ठेने प्रत्येक रेप्लिकेवर राबवली जाते. त्यामुळे पायाभूत प्रत आणि लॉग वेगळ्या जागी साठवून हव्या त्या क्षणापर्यंत मागे जाण्याची सोय स्वतंत्रपणे ठेवावी लागते. बॅकअपमधून साठा परत उभा राहतो का, आणि ठरवून केलेल्या फेलओव्हरला किती वेळ लागतो, याची तालीम ठरावीक काळाने घ्यावी लागते. लिहिणारा एक, क्रम अभंग, लॅग मोजलेला आणि बढतीचा सराव झालेला असेल, तर दोन रेप्लिकाही न्यायालयाची नोंद सुरक्षित ठेवतात. ही शिस्त नसेल, तर दहा रेप्लिकाही ती हमी देऊ शकत नाहीत.