नोंद क्रमांक : १४७ नंतर एकदम १४९ का?



लागण झाली की आपण गट ऑफिसला ऊस नोंद देतो आणि पावती खिशात घालतो. पावतीवरची जात, क्षेत्र, लागण तारीख आपण बघतो; पण नोंद क्रमांक फारसे कुणी बघत नाही. वास्तविक तोड, काट्यावरचे वजन आणि बिल हे सगळे याच क्रमांकाला धरून जुळवायचे असते. एकच क्रमांक दोन फडांना पडला, तर एकाचे टनेज दुसऱ्याच्या खात्यावर चढायला वेळ लागत नाही.

काही सभासद मात्र बारकाईने बघतात आणि विचारतात, "साहेब, माझा नंबर १४७, शेजाऱ्याचा १४९. मधला १४८ कुणाच्या वशिल्याचा?" शंका रास्त आहे. तिचे उत्तर कॉम्प्युटरच्या कामात आहे.

आपोआप पडणारा नंबर

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नोंदी ठेवायला मायक्रोसॉफ्ट ॲक्सेससारखे प्रोग्रॅम वापरतात. हा प्रोग्रॅम १९९२ साली बाजारात आला. त्यात 'ऑटोनंबर' नावाची सोय आहे. नव्या नोंदीचे पहिले अक्षर टाइप केले की नंबर पडतो. तेवढ्यात सातबारा अपुरा निघाला आणि क्लार्कने नोंद अर्ध्यावर सोडली, तर तो नंबर वाया जातो; पुढच्या माणसाला त्याच्या पुढचा मिळतो. म्हणजे १४८ कुणी पळवला असेलच असे नाही. ऑटोनंबरचे काम एक नोंद दुसरीपासून वेगळी ओळखणे एवढेच. सलग क्रमाची हमी तो देत नाही. पावतीवर छापायला तो योग्य नव्हे.

मग क्रमांक कसा द्यावा?

हंगाम, गट आणि क्रम हे तीन रकाने वेगळे ठेवावेत आणि छापताना जोडावेत. उदाहरणार्थ २६/०४/०१४७, म्हणजे २०२६-२७ हंगाम, चौथा गट, १४७ वी नोंद. नवी नोंद आली की त्या हंगामातला, त्या गटातला सर्वांत मोठा क्रम शोधून त्यात एक मिळवायचा. हंगामाची पहिलीच नोंद असेल तर शून्य धरून एक मिळवायचा.

एकूण नोंदी मोजून त्यात एक मिळवणे मात्र धोक्याचे. पन्नास नोंदींतली मधली एक पुसली तर उरल्या एकोणपन्नास. त्यात एक मिळवला की पुन्हा पन्नासच. झाले, एका नंबराचे दोन धनी!

दोन टेबलांवर एकाच वेळी नोंद चालू असेल, तर दोघांनाही शेवटचा १४७ दिसतो आणि दोघेही १४८ देतात. त्यासाठी क्रमांक फॉर्म उघडताना न देता नोंद जतन होण्याच्या क्षणीच द्यावा. शिवाय हंगाम, गट आणि क्रम मिळून दुबार चालणार नाही, असे बंधन टेबललाच घालावे. मग दुसरी नोंद अडते आणि तिला पुढचा क्रम घ्यावा लागतो.

क्रमाचा रकाना अंकाचाच हवा. तो मजकुराचा ठेवला तर कॉम्प्युटर १० ला २ च्या आधी बसवतो.

रद्द नोंद पुसू नये

लागण मोडली, ऊस बेण्याला किंवा चाऱ्याला गेला, तर नोंद पुसायची नाही. तिच्यावर 'रद्द', कारण आणि तारीख टाकायची. तो क्रमांक दुसऱ्याला कधीच देऊ नये, कारण जुनी पावती कुणाच्या तरी घरात असतेच. असे केले म्हणजे प्रत्येक क्रमांकाचा जाब देता येतो आणि वशिल्याची शंका उरत नाही.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. तोडणीची क्रमपाळी लागणीची तारीख, जात आणि उसाची पक्वता बघून लावायची असते. नोंद क्रमांक लहान म्हणून तोड आधी, असे नाही. तेव्हा नंबरासाठी धावपळ करण्यापेक्षा लागण तारीख बरोबर लिहिली का, ते बघा.

सभासदांनी एवढे करावे

१) पावती हातात पडताच क्रमांक, तारीख व क्षेत्र वाचून घ्यावे.
२) लागण आणि खोडवा यांच्या पावत्या वेगळ्या जपाव्यात.
३) प्रत्येक वजन पावतीवरचा नोंद क्रमांक ताडून बघावा, चूक दिसल्यास बिल निघण्याआधीच गट ऑफिसला कळवावे.

ऊस आपण वाढवतो दीड-दीड वर्ष. पावती वाचायला दोन मिनिटे पुरतात.

— ऊस विकास अधिकारी