रक्तदाब आणि चौथा घात

तुमच्या घरी आजी किंवा आजोबा रक्तदाबासाठी रोज गोळी घेत असतील. डॉक्टरांनी त्यांना रोज चालायलाही सांगितले असेल. आता गंमत पाहा. झपझप चालत असताना रक्तदाब मोजला, तर वरचा आकडा चढलेला दिसतो! मग दाब वाढवणारी गोष्टच दाबावर उपाय कशी?

आधी हा दाब म्हणजे केवढा ते पाहू. १७३३ साली इंग्लंडमधील स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने आपला प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने एका घोडीच्या रोहिणीला काचेची उभी नळी जोडली होती. रक्त तीत ८ फूट ३ इंच चढले! आपला वरचा दाब साधारण १२० मिलिमीटर पारा असतो. (हल्लीच्या विजेरी यंत्रांत पारा नसतो, एकक मात्र तेच राहिले आहे.) पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणजे हा सुमारे १.६ मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब झाला. जवळजवळ तुमच्या उंचीएवढा!

पण दाब काही एकट्या हृदयाच्या पंपावर ठरत नाही. नळ्या किती रुंद आहेत हेही पाहावे लागते. प्वाझय या फ्रेंच शास्त्रज्ञाचा नियम तुम्हाला पुढे पदार्थविज्ञानात भेटेल. हा गृहस्थ मूळचा वैद्यक शिकलेला, हे पुस्तके क्वचितच सांगतात. त्याचा नियम असा, की नळीचा प्रवाहाला होणारा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्रिज्या फक्त १० टक्क्यांनी कमी करून गणित मांडा. ०.९ चा चौथा घात ०.६५६, म्हणजे विरोध दीडपट!

आपल्या बारीक रोहिण्यांच्या भिंतींत स्नायू असतात. ते आवळले की त्रिज्या घटते. चालताना रक्ताचा ओघ वाढतो, तेव्हा भिंतीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटते आणि हे स्नायू सैलावतात. चालणे थांबल्यावरही ते काही तास सैल राहतात व दाब उतरतो. म्हणूनच रविवारी एकदा सिंहगड चढून आठवड्याचा हिशेब मिटत नाही. आठवड्यातले पाच दिवस अर्धा-अर्धा तास चालत राहिल्यास उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा साधारण ५ ते ८ मिलिमीटरने खाली येतो. मीठही आवरावे लागते. लोणचे-पापड धरून दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या चमच्याहूनही थोडे कमीच.

वाढलेला दाब बहुधा दुखत-खुपत नाही, हीच मोठी अडचण. ‘मला काही होत नाही, आता मी चालतो ना!’ असे म्हणून आजोबा गोळी बंद करू लागले, तर त्यांना थांबवा. ते डॉक्टरांनीच ठरवायचे. मेंदू आणि मूत्रपिंडे यांचे नुकसान गुपचूप चालू असते.

घरी यंत्र असेल तर मोजण्याचे काम तुम्ही घ्या. आजोबांना पाच मिनिटे स्वस्थ बसू द्या आणि त्यांचा दंड हृदयाच्या पातळीवर ठेवा. दंड १० सेंटिमीटर खाली राहिला, तर तेवढ्या रक्तस्तंभाचा दाब मिळून आकडा सुमारे ८ मिलिमीटरने जास्त येईल. कित्येक आठवडे चालून मिळवलेला फरक एवढ्यानेच झाकला जाईल!