रंगाने ओढलेली हद्द

सुरत–जळगाव लोहमार्गावरचे नवापूर स्थानक नंदुरबार जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला आहे. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याची दोन राज्ये झाली आणि हद्द थेट या स्थानकातून गेली. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तर गुजरातेत, उद्घोषणा चार भाषांत. पण फलाट एकच, फरशी एकच. हद्द शोधूनही सापडायची नाही. ती दिसते फलाटावरच्या एका बाकावर. मधोमध रंगाची रेघ, एका अर्ध्यावर ‘महाराष्ट्र’, दुसऱ्यावर ‘गुजरात’. गाडीला अवकाश असला की प्रवासी दोन्ही राज्यांत ऐसपैस बसून फोटो काढून घेतात. गंमत खरी, पण रेघेपलीकडे दारूबंदी आहे आणि अलीकडे नाही. वीट न हलवता, नुसत्या रंगाने एका जागेच्या दोन जागा झाल्या.

स्थापत्याच्या जगात याच करामतीला ‘सुपरग्राफिक्स’ असे भारदस्त नाव मिळाले. १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या सी रँच वसाहतीत पोहणाऱ्यांसाठी एक स्नानगृह बांधले गेले. पैसे संपत आले होते, भिंती साध्याच राहणार होत्या. बार्बरा स्टाउफाखर सॉलोमन या चित्रकर्तीने पाट्या रंगवणाऱ्यांना हाताशी धरून आत भलेमोठे पट्टे, बाण आणि अक्षरे काढली. पट्टा एका भिंतीवरून निघून कोपरा ओलांडून दुसरीवर चढतो, तेव्हा कोपराच नाहीसा झाल्यासारखा वाटतो आणि चिंचोळी जागा मोठी भासू लागते. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला एमटीएनएलच्या इमारतीवर रणजित दहिया यांनी २०१४ मध्ये दादासाहेब फाळके रंगवले. ज्या इमारतीकडे कुणी मान वर करून पाहिले नसते, ती त्यानंतर खूण म्हणून सांगता येऊ लागली.

आपल्या गावांत हे काम निवडणुकीच्या भिंती आणि सिमेंटच्या जाहिराती वर्षानुवर्षे करत आल्या. विद्रूपीकरण रोखणारा कायदा १९९५चा. भिंतींना त्याची फारशी खबर नसावी. जिल्हा परिषद शाळांच्या ‘बोलक्या भिंती’ मात्र मला मनापासून आवडतात. व्हरांडा आगगाडीच्या डब्यासारखा रंगवला की वर्गाचे दार डब्याचे दार होते, आणि पोर आत शिरताना उगाचच एक पायरी चढल्यासारखा पाय उचलते.

तक्रार आहे ती वारलीबद्दल. म्हणजे वारली चित्रकलेबद्दल नव्हे. जिव्या सोमा म्हसे यांनी ती डहाणूच्या परिसरातून जगभर नेली. पण आदिवासी म्हटले की सरकारी भिंतीवर त्याच त्रिकोणी माणसांचा तारपा नाच काढायचा, हा निव्वळ आळस आहे. त्याने सातपुड्यातली इमारत पालघरची वाटू लागते. इथे भिल्ल आहेत, पावरा आहेत, मावची आहेत. नंदुरबारच्याच अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची राजवाडी होळी पाहावी: डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप, कमरेला घुंगरू आणि भोपळे, उघड्या अंगावर रेखलेले पांढरे ठिपके. रात्रभर ढोलाच्या तालावर ही माणसे फिरतात आणि उजाड मैदानाला आकार येतो. एवढ्या मोठ्या मापाचे रेखाटन जिल्ह्यात दुसरे नाही.

ते ठिपके अक्कलकुव्याच्या बसस्थानकावर उतरवावेत, असे सुचवायचा मोह होतो. पण ते अंगावर घेणारे आधी व्रतासारखी पाळणी करतात. तेव्हा ठेकेदाराला नमुना देण्याआधी काठीच्या लोकांना विचारावे. नको म्हणाले, तर भिंतीला चुना मारून थांबावे.